तोंडं भिंतीकडे

“तोंडं भिंतीकडे.”

एवढंच म्हणायच्या. आवाज चढवायच्या नाहीत. दुधाच्या भांड्याला मांजरापासून जपावं तसा डाव्या हाताने पदर ओढून कीबोर्डवर धरायच्या आणि खोलीत जे कोणी असेल ते निमूट वळायचं. नवरा वळायचा, दीर वळायचा, जाऊ वळायची. मीही वळायचो. वास्तविक तो कॉम्प्युटर मीच विकलेला, मीच जोडलेला, त्याच्या पोटात काय आहे ते त्या घरात मला एकट्यालाच ठाऊक. पण मोठ्या वहिनी पासवर्ड टाकू लागल्या की माझी पत दारातल्या चपलेएवढी.

पदराआडून टकटक ऐकू यायची. मधेच ती थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. मग हुकूम सुटायचा, “हं. फिरा आता.”

त्याआधी फिरलेला माणूस मी पाहिलेला नाही.

त्या भिंतीची आणि माझी ओळख अशी जुनी आहे. कॅलेंडरच्या खिळ्याखाली ओलीचा एक डाग होता, एक शिंग मोडलेल्या बैलासारखा. वहिनींचे दीर, लहाने भाऊ, म्हणायचे तो बैल नाही, श्रीलंकेचा नकाशा आहे. यावर आमचे भिंतीकडे तोंड करूनच वाद झालेले आहेत.

लाखनीला हायवेवर माझं दुकान आहे. कॉम्प्युटर दुरुस्ती, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म. दारासमोरून दिवसभर ट्रक धडधडत जातात, त्यामुळे मी आयुष्यभर ओरडून बोलत आलो आणि लोक त्याला माझा स्वभाव समजतात. या धंद्यात घरोघरी जावं लागतं. तुम्ही लोकांची घरं खुर्चीत बसून, चहा पीत पाहता. मी ती टेबलाखाली शिरून पाहिलेली आहेत. माणूस कसा आहे ते त्याच्या वायरींच्या गुंत्यावरून कळतं, यावर माझा ठाम विश्वास आहे.

मोठ्या वहिनींच्या टेबलाखाली गुंता नव्हता. प्रत्येक वायरीला जुन्या लुगड्याच्या काठाची गाठ मारलेली असायची.

घर धानवाल्यांचं, भातशेतीचं. दोन भाऊ, एक चूल. मोठे भाऊ दिवसाला पाच-सात शब्द बोलत. लहाने भाऊ उरलेले सगळे बोलत. लहान्या भाऊंची बायको रंजना, साकोलीकडची, बी.कॉम. झालेली. आणि या सगळ्यांवर मोठ्या वहिनी. त्यांच्या कमरेला तांदळाच्या कोठीची किल्ली असे. सकाळी त्या स्वतः कोठी उघडत, त्या दिवशी लागतील तेवढे तांदूळ मापून काढत आणि पुन्हा कुलूप लावत. दुसऱ्या कोणाचा हात कोठीत जायचा नाही. आणि उद्याचे तांदूळ आज निघायचे नाहीत, मग उद्या घरात लग्न का असेना.

कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला असला काही कायदा नव्हता. जो बसेल तो राजा. मग लहान्या भाऊंनी कुठून तरी फुकटचा सिनेमा उतरवला आणि सिनेमाबरोबर एक बाई आली. कॉम्प्युटर उघडला की ती यायची. अंगावर कपडे बेताचे. मोटार जिंकल्याबद्दल ती अभिनंदन करायची. एका दुपारी मोठे भाऊ चुलत्यांना सातबारा दाखवायला बसले आणि सातबाऱ्याच्या जागी ती उभी. मोठ्या भाऊंना ती बंद करता येईना. शेवटी त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि स्क्रीनवर धरली. मी जाऊन पोहोचलो तेव्हा ते तसेच उभे होते, आणि चुलते छताकडे पाहत होते.

बाईची बोळवण करून मी म्हटलं, “आता प्रत्येकाचं वेगळं खातं करू. ज्याचा पसारा त्याच्या खात्यात. आणि एक जण राहील ॲडमिनिस्ट्रेटर.”

“तो का करते?” लहाने भाऊ.

“नवीन काही आत आणायचं तर त्याची परवानगी लागते. त्याला कोणाची लागत नाही.”

लहाने भाऊ खुर्चीत ताठ झाले. वहिनींचा मुलगा तेव्हा नुकता कॉलेजात जाऊ लागला होता. त्याने केसांवरून हात फिरवला. मोठ्या भाऊंनीसुद्धा टोपी नीट घातली.

स्वयंपाकघरातून आवाज आला, “मंग चाबी आना इकडे.”

पदराला हात पुसत वहिनी आल्या, खुर्चीसमोर उभ्या राहिल्या. लहाने भाऊ उठले. दुसरं काही करणं शक्यच नव्हतं.

“पासवर्ड सोपा ठेवू नका,” मी म्हटलं. “नाव, गाव असलं काही नको. कोणाला सांगू नका. लक्षात राहणार नसेल तर कुठे लिहून ठेवा.”

“चाबी लिहून ठेवते का कोनी?” त्या म्हणाल्या. “तोंडं भिंतीकडे.”

तो पहिला दिवस.

तुम्ही कॉम्प्युटर वापरत असाल तर ती चौकट तुम्हाला माहीत असेल. काही नवीन टाकायला गेलं की स्क्रीन काळवंडते आणि विचारते, याला तुमच्या संगणकात बदल करू द्यायचा का? आपण न वाचता ‘होय’ म्हणतो. वहिनी ती चौकट दारात आलेल्या अनोळखी माणसासारखी वाचायच्या. पायापासून डोक्यापर्यंत. एकदा मी त्यांच्याकडे एक साधा प्रोग्रॅम टाकत होतो, तर चौकटीत खाली आलं, प्रकाशक अज्ञात.

“हे का आहे?”

“म्हणजे हा कोणी बनवला ते माहीत नाही.”

“बापाचा पत्ता नाही, अन् घरात घुसून रायला?”

“वहिनी, चांगला आहे तो. मी ओळखतो.”

“तुमी ओळखता त तुमच्या घरी ठेवा.”

ठेवला. अजून माझ्या दुकानात आहे. वागायला चांगला आहे बिचारा.

पण वहिनींची खरी परीक्षा जावईबापूंनी घेतली. हे त्या घरच्या मुलीचे यजमान, वरठीला कारखान्यात. सुटीला आले, कॉम्प्युटरसमोर बसले आणि म्हणाले, क्रिकेटचा एक मस्त खेळ आहे, टाकून देतो. चौकट आली. पासवर्ड मागितला. जावईबापूंनी हसून वहिनींकडे पाहिलं. मी कोपऱ्यात प्रिंटरची शाई भरत होतो, माझा हात थांबला. जावयाला नाही म्हणता येत नाही. आणि जावयाला भिंतीकडे तोंड करून उभं करायचं? ज्याचे पाय धुवायचे त्याला?

वहिनी म्हणाल्या, “आली जी, एक मिनिट,” आणि आत गेल्या. दुसऱ्याच क्षणी घरातले सगळे दिवे, पंखा, कॉम्प्युटर, सगळं गेलं.

“लाइन गेली जी, जावईबापू,” आतून आवाज.

“शेजारी त पंखा फिरून रायला.”

“त्यायची लाइन येगळी आहे. तुमी च्या घ्या.”

त्या दिवशी त्या घरात पाहुण्याला पंख्याशिवाय पुरणपोळी वाढली गेली. मोठे भाऊ घाम पुसत होते पण मेन स्विचकडे पाहत नव्हते. जावईबापूंची मोटारसायकल हायवेला लागली आणि लाइन आली.

आता तुम्ही म्हणाल, बाई हुकूमशहा होती. मलाही कधी कधी वाटे. रंजनाला तर रोज वाटे. तिने टॅली शिकून घेतलं होतं, तिला घरबसल्या हिशेबाची कामं करायची होती, आणि त्यासाठी कधी हे टाका, कधी ते टाका. प्रत्येक वेळी शेतातून, गोठ्यातून, शेजारून बाईंना, म्हणजे मोठ्या जावेला, बोलावून आणायचं आणि स्वतःच्याच कामासाठी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं.

“बाई, मलेबी ॲडमिन करा ना,” ती माझ्यासमोर म्हणाली. “भाऊजी म्हणतात दोन ठेवता येतात.”

वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी टेबलाखाली शिरलो. कामही होतं तसं.

“येतात न,” त्या म्हणाल्या. “माह्या माहेरी कोठीच्या दोन चाब्या केल्या होत्या. मायची एक, काकीची एक. आधी कोठीत दोन मापं आली. मंग दोन चुली. मंग आंगनात भिंत. मी त्या भिंतीच्या इकडून काकीच्या पोरीसंग बोलत होती, वर चढून.” मग म्हणाल्या, “एका घराले एक चाबी.”

 त्या दिवशी रंजनाने मला दिलेल्या चहात साखर नव्हती. त्यावरून मला कळलं की दोन ठेवता येतात हे पुन्हा त्या घरात बोलायचं नाही.

आणि मग नागपूरच्या एका कंपनीने रंजनाची परीक्षा ठरवली. सोमवारी अकरा वाजता, घरच्याच कॉम्प्युटरवर. पास झाली तर कायमचं काम. अट एकच, परीक्षेचा एक प्रोग्रॅम आधी टाकून ठेवायचा. रंजनाने शनिवारीच विषय काढला.

“सोमवारी सकाळी टाकू,” वहिनी म्हणाल्या.

“आज टाकला त का होते?”

“उद्याचे तांदूळ आज काढतो का आपन?”

रविवारी न्हाणीत वहिनींचा पाय घसरला. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर थेट कोपरापर्यंत, आणि टोकाला बोटं अशी बाहेर आलेली जशी खुराड्यातून पिल्लं.

सोमवारी सकाळी लहान्या भाऊंनी मला दुकानातून जवळजवळ उचलून नेलं. घरात सुतक असल्यासारखी शांतता. स्क्रीनवर ती चौकट उभी. रंजना परीक्षेची साडी नेसून दारात उभी, डोळे लाल. वहिनी खुर्चीत बसून डाव्या हाताने कीबोर्डवर काही तरी करत होत्या. चौकट म्हणाली, चूक. पुन्हा केलं. चूक.

“डाव्या हातानं नाही जमत,” त्या म्हणाल्या. एवढ्या लहान आवाजात त्यांना बोलताना मी ऐकलं नव्हतं.

“वहिनी, पासवर्ड सांगा. मी टाकतो. मग लगेच बदलून देतो.”

“सांगता येत असता त सांगतला नसता का?”

“अक्षरं कोणती आहेत?”

“अक्षरं मले नाही माहीत. हाताले माहीत आहे.”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

“मंजे म्हशीचं नाव नाही न?” लहाने भाऊ म्हणाले.

वहिनींनी मान वळवली. “म्हशीचं नाव नाही, हे तुमाले कसं माहीत?”

लहाने भाऊ बैलाच्या डागाकडे पाहू लागले. कोणी सांगितलं नसताना.

घड्याळ पुढे सरकत होतं. मी गंभीर झालो. तसा मी क्वचित होतो. म्हटलं, “हे बघा, माझ्याकडे पेन ड्राइव्ह आहे. पासवर्ड नसतानाही कुलूप उघडता येतं. थोडा वेळ लागेल, पण अकराच्या आत होईल.”

मोठे भाऊ म्हणाले, “करा.” त्या दिवसाचा त्यांचा तो पहिला शब्द असावा.

“नोका करू जी,” रंजना म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“बाई बिमार पडल्या होत्या मागच्या साली, तवा कोठीचं कुलूप तोडलं होतं का आपन?” ती नवऱ्याला, मोठ्या भाऊंना, मला, सगळ्यांनाच विचारत होती. “शेजारून तांदूळ आनले होते न? बाईचा हात लागल्याबिगर नाही उघडायचं.”

“अन् परीक्षा?” मी विचारलं.

“जाऊ द्या परीक्षा.” हे म्हणताना ती साडीचा पदर बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

बाहेर हायवेवर एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. वहिनी आपल्या प्लास्टरकडे पाहत बसल्या होत्या. मग उठल्या.

“इकडे ये. बस.”

रंजना बसली नाही. त्या खुर्चीत वहिनींशिवाय कोणी या कामासाठी बसलेलं नव्हतं.

“बस म्हणतो न. रोवनीले माह्या बाजूनं उभी रायतेस का नाही तू?”

“रायतो.”

“माहा हात पाह्यला आहेस का नाही?”

“आता बाई, लग्न झाल्यापासून तेच त पाहून रायलो,” रंजना म्हणाली. “तुमच्या हाताच्या बरोबरीनं हात नाही चालला का तुमी सारी बांधी ऐकन अशा बोलता.”

“मंग तशीच रोव. उजव्या धुऱ्यापासून धर. मागं मागं जाय. दोन दाट, एक सोड, दोन दाट. धुरा आला का थांब, अन् वरच्या बांधीत चढ. तिथूनबी मागं.”

मी इतकी वर्षं त्या टकटकीला काय काय समजत आलो होतो. देवाचं नाव, पोराचं नाव, माहेरचं गाव. आणि ती बाई पदराआड धान रोवत होती. बायका बांधीत रोवतात तशी, उलट्या पावली, रोपांची पेंडी सोडत सोडत. कीबोर्डवरची एक ओळ म्हणजे एक बांधी, एक वावर, आणि ओळीचं टोक म्हणजे धुरा, बांध.

“तोंडं भिंतीकडे,” वहिनी म्हणाल्या.

आम्ही तिघे वळलो. आणि माझ्या डाव्या बाजूला साडीची सळसळ झाली. पाहतो तो मोठ्या वहिनी. प्लास्टरचा हात पोटाशी धरून, माझ्या खांद्याला खांदा लावून, भिंतीकडे तोंड करून उभ्या.

“वहिनी, तुम्ही कशाला?”

“चाबी जिच्या हातात, तिनं पाहावं. बाकीच्यायनं कायले?” मग डोळे बारीक करून त्या डागाकडे पाहत म्हणाल्या, “हे का आहे? बैल आहे का?”

“श्रीलंका,” लहाने भाऊ पुटपुटले.

मागे टकटक सुरू झाली. थांबली. चूक झाल्याचा तो रबरी आवाज आला. वहिनी वळल्या नाहीत.

“घाई करून रायली. मधात तीन दाट पडली. पानी जास्त आहे का बांधीत? हळू रोव.”

पुन्हा टकटक. दोन. एक सुटी. दोन. वहिनींच्या प्लास्टरबाहेरची बोटं पोटाशी हलकेच हलत होती. एक थांबा. मग वरच्या बांधीत. दोन, सुटी, दोन. आणि मागे कॉम्प्युटरने काही बोलायच्या आतच, भिंतीकडेच तोंड ठेवून, वहिनी म्हणाल्या,

“हं. फिरा आता.”

आम्ही फिरलो. चौकट नव्हती. प्रोग्रॅम आत चालला होता. रंजना दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती, हातांकडे पाहत.

“रडू नोको,” वहिनी म्हणाल्या. “परीक्षेत तोंड दिसते म्हणतात न? जाय, तोंड धुवून ये.”

रंजनाला काम मिळालं. प्लास्टर होतं तोवर रंजना खुर्चीत आणि वहिनी भिंतीशी, असा कारभार चालला. पुढे प्लास्टर निघालं. डॉक्टरने बोटांना व्यायाम सांगितला. मी म्हटलं, वहिनी, पासवर्ड टाका, याच्याइतका चांगला व्यायाम नाही. त्यांनी बोटं एकदा उघडली, एकदा मिटली.

“राहू द्या. तिचा हात बसला आहे आता.” मग स्वयंपाकघराच्या दिशेने मान करून, मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात विचारलं, “चूल एकच आहे न जी?”

“एकच आहे, वहिनी.”

“पाहून सांगा.”

मी जाऊन पाहून आलो. एकच होती. तिच्यावर चहा होता, आणि त्यात साखर होती.

गेल्या वर्षी वहिनींच्या मुलाला पुण्याला नोकरी लागली, लग्न आधीच झालेलं, सुनेचे दिवस भरत आले. मोठ्या वहिनी बाळंतपणाला म्हणून गेल्या त्या तिथेच अडकल्या. नातवाला त्यांच्याशिवाय झोप येत नाही म्हणे. जाताना कोठीची किल्ली त्यांनी रंजनाच्या कमरेला खोचली, आणि मला सांगितलं, वायरींच्या गाठी सोडू नका.

मधे एकदा त्यांचा फोन आला.

“भाऊ, इथं सारेच ॲडमिन आहेत जी. पोरगा ॲडमिन, सून ॲडमिन, सुनेची मायबी ॲडमिन. ज्याचा त्याचा लॅपटॉप. कोनी कोनाले काही विचारत नाही.”

“मग बरंच आहे की वहिनी. तुम्हाला आराम.”

“आराम आहे न. पन मी कोनाले म्हणू तोंड भिंतीकडे कर? सारे आधीपासूनच भिंतीकडे तोंड करून बसले आहेत.”

मी हसलो. त्याही हसल्या. मग बाळ रडलं आणि त्यांनी फोन ठेवला.

परवा रंजनाने नवा प्रिंटर घेतला, तो जोडायला मी गेलो होतो. घराला यंदा रंग दिलाय. बैल गेला, श्रीलंकाही गेली. कोरी पिस्ता रंगाची भिंत. मोठे भाऊ समोरच्या सपरीतून आत आले होते, लहाने भाऊ मला प्रिंटरबद्दल माहिती देत होते. मी सीडी टाकली, स्क्रीन काळवंडली, चौकट आली. रंजना खुर्चीत बसली, पदर ओढून कीबोर्डवर धरला.

तिने काही म्हटलं नाही. म्हणायची गरज नव्हती. आम्ही तिघे केव्हाच वळलो होतो.

मागे टकटक सुरू झाली. दोन, एक सुटी, दोन. थांबा. वरच्या बांधीत. तिने पासवर्ड बदललेला नाही, हे मी भिंतीकडे पाहूनच सांगू शकतो. टकटक संपली. प्रिंटर घरघरला, त्याने एक कोरा कागद आत ओढून बाहेर टाकला. रंजनाची खुर्ची सरकली, ती आत चहा ठेवायला गेली.

आणि आम्ही तिघे बाप्ये, पिस्ता रंगाकडे तोंड करून, तसेच उभे राहिलो. फिरा म्हणणारं माणूस पुण्याला होतं.